लाटेचं शीड

भिमाजी भोयाच्या घरात नाव पिढ्यान्‌पिढ्या होती, पण तिला काम असायचं ते चारच महिने. मुळा नदीला आषाढात पाणी यायचं आणि दसऱ्यापर्यंत टिकायचं. तेवढे दिवस पिंपळदऱ्याची माणसं भिमाजीच्या नावेतून पलीकडच्या खडकशेरीला जायची. पाणी ओसरलं की धोतर वर खोचून, पोर खांद्यावर घेऊन जो तो आपापला चालत नदी पार करी. नाव वाळूत पालथी पडे आणि भिमाजी नदीच्या पोटात कलिंगडं लावी, मासे धरी, कुणाच्या लग्नात पाणी भरी.

नाव चालवायची म्हणजे लांब बांबू तळाला टेकवायचा आणि अंगाचा भार टाकून रेटा द्यायचा. बापाने त्याला एवढंच शिकवलं होतं. कुठे खडक आहे, कुठे डोह आहे, कुठे वाळू दरवर्षी जागा बदलते, हे सगळं बांबूच्या टोकातून त्याच्या तळहाताला कळायचं.

मग खाली धरण झालं. पाणी हळूहळू चढत पिंपळदऱ्याच्या वेशीला आलं, मारुतीच्या पाराला लागलं, आणि गाव उठून वरच्या माळावर गेलं. बायाबापड्या सोडलेल्या घरांकडे बघून रडत होत्या. भिमाजीचंही घर गेलं होतं. पण त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. आता पाणी बारा महिने राहणार. गावाच्या निम्म्या जमिनी पलीकडे, निम्म्या सोयरिकी पलीकडे, आणि धरणाच्या भिंतीवरून वळसा घालून जायचं तर सगळा दिवस मोडायचा. आपले दिवस आले, असं त्याला वाटलं. हे त्याने फक्त बायकोला, साळूबाईला सांगितलं.

ती म्हणाली, "लोकांची घरं बुडाली अन्‌ तुमाला हसू येतंय व्हय? कुनाम्होरं बोलू नगा."

पण तिलाही आतून बरं वाटलं होतं. त्यांची एकुलती एक लेक, मुक्ता, खडकशेरीलाच दिलेली होती. पदरात वर्षाचं पोर होतं, गोरक्ष नावाचं. बारमाही नाव चालली तर लेक कधीही येईल, कधीही जाईल.

धरण भरल्यावर भिमाजीने पहिल्यांदा नाव लोटली, तेव्हा काठापासून थोडंसं आत गेल्यावर त्याचा बांबू खाली गेला तो गेलाच. पाणी मनगटाला लागलं, कोपराला लागलं, तरी तळ नाही. तो वाकलेला तसाच राहिला. ज्या नदीचा दगडन्‌दगड त्याला पाठ होता, ती खाली कुठेतरी होती आणि तिच्यापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता.

त्याने वल्ही करून घेतली. पण नाव रुंद, सपाट बुडाची, बाजाराची पोती आणि शेळ्या भरायला केलेली. वल्ह्यांनी ती रेटता रेटता खांदे निखळायची वेळ यायची. त्यातून पाण्याचा पसारा पश्चिमेला कोसच्या कोस उघडा. दुपारी तिकडून वारा सुटला की त्या पसाऱ्यावरून लाटा उठत यायच्या आणि नाव जागच्या जागी डुलत राहायची. लोक कंटाळले. काहीजण पुन्हा भिंतीवरून जायला लागले.

त्या सुमारास धरणावर पाण्याची मोजमापं घेणारी एक सरकारी होडी होती. तिच्यावर रत्नागिरीकडचा एक म्हातारा तांडेल आणला होता. समुद्रावर जन्म काढलेला माणूस. गावात त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे तांडेलच म्हणत. भिमाजीची चाललेली ओढाताण तो रोज काठावरून बघायचा. एकदा त्यानेच हाक मारली.

"वारा फुकट जातोय की रे तुझा. तुला इथून तिथं जायचंय आणि वारा येतोय आडवा. जातानाही आडवा, येतानाही आडवा. असा वारा आमाला समुद्रावर मिळत नाही. शीड लाव."

भिमाजीने शीड कधी पाहिलं नव्हतं. तांडेलाने ओल्या मातीत काडीने चित्र काढून दाखवलं. डोलकाठी कुठे रोवायची, तिच्यावर आडवा बांबू कसा चढवायचा, दोरी कुठून आणायची, सुकाणू कसं धरायचं. आणि मग काडी टाकून देत तो म्हणाला, "एक मात्र ध्यानात ठेव. शीड निवडायचं ते वाऱ्यासाठी नाही निवडायचं, लाटेसाठी निवडायचं. वारा काय, कुठल्याही फडक्याला ढकलतो. पण तुझ्या या धरणाची लाट वाईट आहे. समुद्राची लाट लांब असते, नाव तिच्यावर चढते, उतरते. ही आखूड, उभी, एकीच्या पाठीला एक. म्हणून शीड लहान घे, जाड घे आणि त्याचा खालचा काठ उंच ठेव. त्याला पोट ठेवू नको आणि दोरी बांधून टाकू नको, हातात धर. लाटेला ते हाती लागता कामा नये."

हे सगळं भिमाजीने नीट ऐकलं होतं. पुढे त्याला त्यातला शब्दन्‌शब्द आठवायचा, म्हणजे ऐकलं नव्हतं असं म्हणायलाही त्याला जागा उरली नाही.

शीड शिवायला तो नगरला गनीभाईकडे गेला. लष्करातून बाद झालेले तंबू घेऊन गनीभाई त्यांच्यापासून मालट्रकांसाठी ताडपत्र्या शिवायचा. त्याचं आजोळ जुन्या पिंपळदऱ्यात, लहानपणी तो भिमाजीच्या बापाच्या नावेत बसलेला. त्यामुळे येणंजाणं, ओळखपाळख होती. तांडेलाने शीड सुचवल्याचं भिमाजीने त्याला सांगितलं.

गनीभाईने दुकानामागच्या अंगणात दोन कापडं पसरली. एक तंबूचं हिरवं, जाडजूड, हाताला खरखरीत, पण तुकडा लहानच निघत होता. दुसरं पांढरं, पातळ पण घट्ट विणीचं, हवा तितकं मोठं. वाऱ्याची एक झुळूक आली तशी पांढऱ्या कापडाची कड आपोआप उचलली गेली आणि फुगून पुन्हा खाली बसली. हिरवं जागचं हललं नाही.

"हे बगा गनीभाई," भिमाजी म्हणाला, "कापडातच जीव हाय."

"तो तांडेल काय म्हनला हुता?" गनीभाईने विचारलं.

"लहान घे म्हनला. पर त्याचं समुद्रावरचं ग्यान. आपल्याकडं सकाळच्या पारी वारा किती असतो? झाडाचं पान हालत न्हाई. माझी नाव जड. माणसं, पोती, शेरडं. असल्या एवढ्याशा ठिगळानं ती हालायची तरी का? अन्‌ जोराचा वारा वर्षातनं दोन महिने. दोन महिन्यांसाठी दहा महिने काठावर बसू?"

गनीभाई पांढऱ्या कापडावरून हात फिरवत राहिला. "मी तंबू शिवनारा मानूस. मला शिडातलं काय कळतं? पर पान्यातली गोष्ट हाय भिमाजी. इचार कर."

"केलाय इचार. मोठं शिवा. पार नावेच्या काठापोतर येऊ द्या खाली. वाऱ्याला खालून निसटायला जागाच नको."

गनीभाईने दुहेरी टीप मारून, कडांना दोरी घालून ते शिवून दिलं.

पहिले काही महिने भिमाजीला आपण फार शहाणे आहोत असंच वाटलं. थंडीचे दिवस, पाणी आरशासारखं, आणि जरा कुठे हवा हलली की ते पांढरं शीड पोटभर फुगायचं. नाव आवाज न करता सरकायला लागायची. माळावरच्या बाया धुणं टाकून बघत राहायच्या. खडकशेरीचे लोक लांबून शीड दिसलं की गाठोडी बांधून काठावर येऊन बसायचे. नाव थोडी वाऱ्याबरोबर घसरायची, म्हणून निघताना वरच्या अंगाने निघायचं, हेही त्याला जमलं. मुक्ता महिन्याकाठी एक तरी खेप करायची. गोरक्षला नावेच्या तळात उभं करून ती शिडाची दोरी त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "दादा, बगा, तुमचा नातू नाव हाकतोय."

साळूबाई काठावरच भाकरीचं फडकं घेऊन उभी असायची. त्या थंडीत ती जितकी हसली तितकी लग्न झाल्यापासून हसली नव्हती.

तांडेल तोवर आपल्या मुलखाला परत गेला होता. जाण्याआधी त्याने पांढरं शीड पाहिलं. खालच्या काठाला हात लावून बघितला आणि नापसंतीने मान हलवली.

ज्येष्ठात वारा वाढला. भिमाजी शिडाचा काही भाग वर गुंडाळून बांधायचा, फारच झालं तर खेप बंद ठेवायचा. आषाढ असाच निघाला. मग श्रावण आला आणि पंचमीला लेकीला माहेरी आणायचं ठरलं.

सकाळी तो एकटाच निघाला तेव्हा पाणी बऱ्यापैकी शांत होतं. खडकशेरीला पोचला, जावयाकडे चहा झाला. जावई सूर्यभान शेतावर जायच्या घाईत होता. निघता निघता त्याने पश्चिमेकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामा, वारा सुटनार असं दिसतंय. उद्या न्या की."

भिमाजीने मुक्ताकडे पाहिलं. तिने नवी चोळी घातली होती, गोरक्षच्या डोळ्यात काजळ घातलं होतं, गाठोडं बांधून दारात ठेवलं होतं.

"आई वाट बगत आसंल," ती म्हणाली. "झोका बांदलाय म्हनून निरोप आलाय तिचा. उद्या जाऊन काय, आज पंचमी हाय."

"पोचू की," भिमाजी म्हणाला. "हां हां म्हनता पोचू."

अर्ध्या पाण्यात गेल्यावर वारा आला. ढगाखालून आल्यासारखा, एकदम. पाण्याचा रंग काळा झाला आणि वरच्या अंगाने लाटा यायला लागल्या, आखूड, उभ्या, एकीच्या पाठीला एक. शीड गुंडाळायला हवं होतं. पण सुकाणू सोडलं तर नाव आडवी फिरत होती, आणि दोरी त्याने नेहमीसारखी खुंटीला बांधून टाकली होती. तो खुंटीकडे सरकला. मुक्ताने पोराला पोटाशी धरलं होतं. ती घाबरून ओरडली नाही. "दादा, कुनीकडं बसू?" एवढंच तिने विचारलं.

तो सांगणार तेवढ्यात नाव खालच्या अंगाला कलली. शिडाचा तो खालपर्यंत आलेला काठ लाटेत बुडाला. लाटेने तो धरला. फुगलेल्या कापडात वाऱ्याच्या जागी पाणी भरलं, एखाद्या झोळीत भरावं तसं, आणि त्या ओझ्याने डोलकाठी आडवी होत होत पाण्याला टेकली.

भिमाजी वर आला तेव्हा त्याच्या हाताला गोरक्षचं झबलं लागलं. त्याने ते घट्ट धरलं. नाव पालथी झाली होती. एका हाताने नावेची कड आणि एका हाताने पोर, असा तो तरंगत राहिला. मुक्ताला हाका मारत होता. पांढरं शीड पाण्याखाली पसरलं होतं आणि ती त्याच्या खाली होती. त्याला ते कळत होतं. पोर सोडलं असतं तर बुडी मारता आली असती. त्याने पोर सोडलं नाही.

पालथी नाव वाऱ्याने काठाला लागली, तिथल्या गुराख्यांनी दोघांना ओढून घेतलं. मुक्ता दुसऱ्या दिवशी भिंतीच्या बाजूला सापडली.

लोक भिमाजीला काही बोलले नाहीत. बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं. दहाव्याला सूर्यभान आला, सासऱ्यासमोर बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "पोरगं आमी नेतो." साळूबाईने पोराचे कपडे बांधून दिले. झोक्याची दोरी तिने आधीच झाडावरून सोडून टाकली होती. ती नवऱ्याशी भांडली नाही, तोंडातून एक वाकडा शब्द काढला नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची. फक्त शीड हा शब्द त्या घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही.

दिवाळी झाल्यावर भिमाजी नगरला गेला. गनीभाई मशीनवर बसला होता. त्याला बघून तो उठला, त्याचा हात धरून आत घेऊन गेला.

"ते हिरवं कापड हाय का अजून?" भिमाजीने विचारलं.

गनीभाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कशाला?"

"लाटेचं शीड शिवायचंय."

"भिमाजी, आता कुनासाठी?"

भिमाजी उठून मागच्या अंगणात गेला. गनीभाईने हिरवं कापड काढलं. त्या दिवशी भिमाजीने सांगितलं तसंच्या तसं त्याने कापलं. लहान. वरती अरुंद. खालचा काठ इतका उंच, की खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जावा. कापडाला कुठे पोट ठेवायचं नाही, दारासारखं सपाट राहिलं पाहिजे, कारण पोट असलं की पाणी बसतं. कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे. टीप तिहेरी. आणि दोरी खुंटीला बांधायची नाही, हातातच धरायची. हात सुटला की शीड मोकळं होऊन झेंड्यासारखं फडफडलं पाहिजे.

"हे सगळं तुला कुनी सांगितलं?" गनीभाईने विचारलं.

"तांडेलानं. आदीच सांगितलं हुतं."

गनीभाईने दाभण खाली ठेवलं आणि डोळे पुसले. "पांडरं मीच शिवलं रे," तो म्हणाला. "मी नको म्हनलं असतं तर?"

"तुमी म्हनला हुतात इचार कर म्हनून," भिमाजी म्हणाला. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं, ना राग ना समजूत.

हिरवं शीड चढवून तो एकटाच पाण्यात जायला लागला, आणि मुद्दाम वारा असताना जायचा. लाट येताना दिसली की दोरी सैल सोडायची. शीड रिकामं व्हायचं, नाव नुसत्या आपल्या भाराने लाटेवर चढायची. माथ्यावर आली की दोरी खेचायची, शीड भरायचं आणि नाव पलीकडच्या उतरणीवरून सरसरत जायची. पुन्हा लाट, पुन्हा सैल. एकदा हाताला ते वळण पडल्यावर त्याला कळलं की लाटेशी झगडायचंच नसतं, तिच्या पाठीवर बसायचं असतं. फाल्गुनात वावटळ उठली तेव्हाही नावेत ओंजळभरापेक्षा जास्त पाणी आलं नाही. शांत हवेत मात्र नाव हलायची नाही. तो वल्ही मारायचा. त्याची आता काही तक्रार नव्हती.

पण त्याच्या नावेत कुणी बसेना. येताजाता लोक रामराम करायचे आणि भिंतीच्या रस्त्याला लागायचे. तिकडून आता एस.टी.ही सुरू झाली होती. एकदा गावातली रंगुबाई धावत काठावर आली. तिची आई पलीकडे शेवटच्या घटका मोजत होती, एस.टी. निघून गेली होती. ती नावेत चढली, पदर कमरेला खोचून खाली बसली. भिमाजीने शिडाची गाठ सोडली आणि हिरवं कापड वर चढायला लागलं. रंगुबाई त्या कापडाकडे बघत राहिली, आणि मग उठली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि काठाला आली.

"भाऊ, राग मानू नगा," ती म्हणाली. "माजी लेकरं हायेत."

"न्हाई गं बाई," भिमाजी म्हणाला. "जा तू."

ती भिंतीच्या रस्त्याने पळत गेली. आई तिला भेटली की नाही, हे त्याने कुणाला विचारलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. धरणाचं पाणी खाली खाली जात राहिलं. गाळातून जुन्या पिंपळदऱ्याच्या भिंती वर आल्या, मारुतीचा पार वर आला. लोक तडकलेल्या चिखलावरून चालत खडकशेरीला जाऊ लागले, पूर्वी जात तसे. भिमाजीची नाव पुन्हा पालथी पडली. तो आणि साळूबाई खडी फोडायच्या कामावर गेले. दोघं शेजारी शेजारी बसून दगड फोडायची, आणि दिवस दिवस बोलायची नाहीत. खडकशेरीची माणसंही त्याच कामावर यायची. त्यांच्याकडून कळलं की सूर्यभानने दुसरं लग्न केलं, बाई स्वभावाने चांगली आहे, पोराला जीव लावते.

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि पाणी पुन्हा होतं तिथे आलं. भादव्यातल्या एका सकाळी साळूबाई चूल सारवून उठली, लुगडं बदललं, एका फडक्यात चार लाडू बांधले आणि दारात येऊन म्हणाली, "मला पलीकडं सोडा. पोराला बगून यीन म्हनते."

भिमाजी तिच्याकडे बघत राहिला. "यष्टीनं जाऊ."

"नावंनं," ती म्हणाली.

जाताना वारा बेताचा होता. ती नावेच्या मधोमध बसली, फडकं मांडीवर घेऊन. मुक्ता बसायची तीच जागा. तिने एकदाही पाण्याकडे पाहिलं नाही.

सूर्यभानच्या अंगणात गोरक्ष गोट्या खेळत होता. चांगला वाढला होता, मुक्ताचंच कपाळ. साळूबाईने त्याला जवळ बोलावलं, लाडू पुढे केला. पोराने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या भिमाजीकडे पाहिलं. तो ओरडला नाही, रडला नाही, मागे सरकत सरकत घरात गेला. आतून त्याचा आवाज आला, "आई, दार लाव." ती नवी बाई दारात आली, ओशाळून हसली, पोर तिच्या पायाला मिठी मारून होतं.

सूर्यभानने दोघांना बसायला घोंगडी टाकली, चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मामा, राग येऊ देऊ नगा. पर तुमी येत जाऊ नगा. मदी एकदा बाजारात त्यानं तुमाला लांबून बघितलं, तर चार दिस तापानं फनफनला हुता. आंगोळीलासुदिक घाबरतो. तुमाला बगितलं की त्याला ते समदं आठवतं."

"मी त्याला धरून ठेवलं हुतं," भिमाजी म्हणाला.

"ठाव हाय, मामा. तुमच्यामुळंच वाचला. पर ते त्याला कसं समजनार?"

साळूबाईने लाडवांचं फडकं त्या बाईच्या हातात दिलं. "मी दिलं म्हनून सांगू नगा," ती म्हणाली. "तसंच द्या."

परत निघताना वारा चढला होता. भिमाजी काठावर थांबला. पाण्याचा रंग काळा झाला होता आणि वरच्या अंगाने लाटा येत होत्या.

"थांबू या," तो म्हणाला. "नायतर रस्त्यानं जाऊ."

साळूबाई नावेत जाऊन बसली.

त्या दिवशी लाटा पंचमीच्या दिवशीपेक्षा मोठ्या होत्या. भिमाजीला लाटांचा अंदाज चांगला होता, त्याची चूक व्हायची नाही. पहिली आली. त्याने दोरी सैल सोडली, शीड मोकळं झालं, नाव वर चढली. दोरी खेचली, नाव उतरणीवरून सरकली. दुसरी, तिसरी. नाव कलायची, शिडाचा काठ पाण्याकडे झुकायचा, आणि लाट खालून निघून जायची. लाटेला शीड हाती लागत नव्हतं. साळूबाईने आता मान वर केली होती. ती त्या हिरव्या काठाकडे बघत होती, आणि त्याच्याखालून जाणाऱ्या पाण्याकडे. प्रत्येक लाटेला ती बघत होती. भिमाजीला तिच्याकडे बघायचं नव्हतं, पण सुकाणू धरलेल्या माणसाला समोर बघावंच लागतं.

नाव पिंपळदऱ्याच्या काठाला लागली. साळूबाईच्या लुगड्यावर पाण्याचे शिंतोडे सोडले तर काही नव्हतं. ती उतरली, चार पावलं गेली, आणि वळून उभी राहिली.

"चांगलं हाय शीड," ती म्हणाली.

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. पाहिलं ते सांगितलं, एवढंच. भिमाजीच्या हातातून दोरी सुटली आणि हिरवं कापड वाऱ्यावर मोकळं फडफडत राहिलं. मुक्ता गेली त्या दिवसापासून लोकांनी, जावयाने, पोराने, कुणीही त्याला जे ऐकवलं नव्हतं, ते त्या तीन शब्दांत होतं.

साळूबाई चढण चढून माळाकडे गेली. त्यानंतर ती कधी नावेत बसली नाही आणि खडकशेरीलाही गेली नाही. भिमाजी मात्र पाण्यात जात राहिला, वारा असेल त्या दिवशी, रिकामी नाव घेऊन. खडकशेरीचा काठ दिसेपर्यंत तो जायचा. तिथे कुणाच्या नजरेला पडायच्या आत दोरी खेचून नाव वळवायचा आणि लाटांवरून परत यायचा.